टीव्ही नकोसा होतो तेव्हा

प्रश्न : रात्रीच्या जेवणानंतर घरच्यांसोबत टीव्ही पाहणे हा माझा अनेक वर्षांचा नेम होता. अलीकडे मात्र मालिका असो वा चित्रपट, थोड्याच वेळात कथेचा धागा सुटतो, कंटाळा येतो आणि मी उठून दुसऱ्या खोलीत पुस्तक घेऊन बसतो. वाचन, फिरणे, मित्रांशी गप्पा हे सारे पूर्वीसारखेच चालू आहे. माझे वय ६३ आहे. हे नैराश्याचे लक्षण असावे, असे घरच्यांना वाटते. त्यात तथ्य आहे का?

उत्तर : घरच्यांची शंका अनाठायी नाही, कारण आवडीच्या गोष्टींतला रस जाणे हे नैराश्याच्या दोन मुख्य लक्षणांपैकी एक आहे, दुसरे म्हणजे उदास मनःस्थिती. परंतु निदान करताना डॉक्टर हे पाहतात की, हा रस जवळजवळ सर्वच गोष्टींतून गेला आहे का, ही अवस्था जवळजवळ रोज, दिवसाचा बराच काळ, किमान २ आठवडे टिकली आहे का, आणि जोडीला झोप, भूक, उत्साह किंवा एकाग्रता यांतही बिघाड झाला आहे का. तुमची पुस्तके आणि मित्र सुटलेले नाहीत, त्यामुळे केवळ टीव्ही नकोसा झाला म्हणून नैराश्याची भीती बाळगण्याचे कारण मला दिसत नाही. उद्या पुस्तकातील कथेचाही धागा सुटू लागला किंवा गप्पाही नकोशा झाल्या, तर मात्र डॉक्टरांची भेट लांबणीवर टाकू नका.

टीव्हीचा कंटाळा येणे यात अस्वाभाविक असे काही नाही. रॉबर्ट क्यूबी आणि मिहाय चिकसेंटमिहाय या संशोधकांनी लोकांना दिवसभरात अधूनमधून संकेत देऊन, त्या क्षणी आपण काय करत आहोत आणि कसे वाटते आहे, याची नोंद करायला लावली होती. टीव्ही पाहताना लोकांना सैलावल्यासारखे वाटे. तो बंद केल्यावर तो निवांतपणा ओसरे, पण मरगळ मात्र मागे राहत असे. ज्याला ही मरगळ जाणवू लागली, तो उठून पुस्तक हाती घेत असेल तर ती निवड मला निरोगी वाटते.

तरीही तुमच्या पत्रातील ‘धागा सुटतो’ हे शब्द मला महत्त्वाचे वाटतात, कारण वाचताना तो सुटत नाही. तुमच्या वयात आधी कान तपासावेत. वाढत्या वयाबरोबर प्रथम उच्च वारंवारतेचे ध्वनी ऐकू येणे कमी होते आणि ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारख्या व्यंजनांची ओळख याच ध्वनींवर अवलंबून असते. त्यामुळे आवाज ऐकू येतो, पण शब्द नीट उमगत नाहीत. समोरासमोरच्या गप्पांत ओठांच्या हालचाली आणि ओळखीचा संदर्भ मदतीला येतात. मालिकेत मात्र पात्र पाठमोरे बोलते, संवादांवर पार्श्वसंगीत चढते, आणि पातळ बांध्याच्या टीव्हीचे स्पीकर बहुधा खाली किंवा मागे वळलेले असतात. प्रत्येक वाक्य जुळवून घेण्याच्या श्रमाने मन थकते आणि आपण त्या थकव्यालाच कंटाळा म्हणतो. आवाज वाढवून हे सुटत नाही, कारण संवादांबरोबर संगीतही तितकेच मोठे होते.

काही दिवस संवादांच्या ओळी पडद्यावर लावून पाहा. त्याने गोडी परत आली, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून श्रवणचाचणी करून घ्या. ती वेदनारहित आणि थोड्या वेळात होणारी आहे. ओळी लावूनही मन रमले नाही, तरी नियमित तपासणीच्या वेळी कान दाखवून घ्यावेत. घरच्यांना कदाचित टीव्हीपेक्षा तुमच्या सोबतीची उणीव अधिक भासत असेल. तसे असल्यास जेवणानंतरचा थोडा वेळ टीव्ही बंद ठेवून एकत्र बसण्याचे त्यांना सुचवा, आणि मग पुस्तकाकडे वळा.