खणातले सतरा कागद

"सरकारी नोकरी आहे, पगार वेळेवर होतो, घरचे खूश आहेत. मग रोज सकाळी ऑफिसचं नाव काढलं की माझ्या पोटात गोळा का येतो?" वर्षाला पाच-सहा जण तरी हा प्रश्न घेऊन माझ्या दादरच्या समुपदेशनाच्या खोलीत येतात. विचारताना आवाज हमखास खाली जातो. ज्या नोकरीसाठी पोरं वर्षानुवर्षं अभ्यासिकेत बसून आहेत, तिच्याबद्दल रडायचं तरी कोणत्या तोंडानं?

त्यातल्याच एकाची ही गोष्ट. त्याची परवानगी घेतली आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वय सत्तावीस. डोंबिवलीला आई आणि धाकटी बहीण. फोर्टमधल्या एका शासकीय कार्यालयात लिपिक-टंकलेखक, टेबल आस्थापनेचं, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या रजा-नोंदींसारख्या कामाचं. वडील त्याच खात्यात होते, नोकरीत असतानाच गेले आणि अनुकंपा तत्त्वावर याला घेतलं. मराठी टायपिंगची मिनिटाला ३० शब्दांची परीक्षा त्यानं मुदतीच्या आत, पहिल्या फटक्यात काढली होती. हे मला तिसऱ्या भेटीत कळलं, तेही मी खोदून विचारल्यावर. पहिल्या भेटीत त्यानं स्वतःची ओळख करून दिली ती अशी: "बाबांच्या जागेवर लागलोय."

या वाक्यानं मी फसले. मला वाटलं, दुःख मनात साचून राहिलंय. दोन भेटी मी वडिलांबद्दलच बोलत राहिले. तो शहाण्या मुलासारखा उत्तरं द्यायचा, डोळे पुसायचा, फी देऊन जायचा आणि झोप होती तशीच उडालेली. पहाटे तीनला जाग, रविवारी संध्याकाळपासून छातीत धडधड. जीव द्यायचे विचार येतात का, हे मी स्पष्ट विचारलं. ते नव्हते. तरी रात्री-अपरात्री फारच घाबरायला झालं तर लावायला म्हणून टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर त्याच्या मोबाइलमध्ये साठवायला लावला.

तिसऱ्या भेटीत उठता उठता, दाराच्या कडीवर हात ठेवून तो म्हणाला, "मॅडम, माझ्या खणात सतरा कागद आहेत."

"कसले?"

"टपाल. साहेबांनी माझ्या नावानं मार्क केलेलं. मी वर्कशीटला, म्हणजे आलेल्या टपालाच्या नोंदवहीत, चढवलंय, पण पुढं काही केलेलं नाही. सगळ्यात जुना अडीच महिन्यांचा आहे. खणाला कुलूप लावतो आणि किल्ली घरी नेतो."

मी त्याला परत बसवलं. पुढचा माणूस बाहेर वीस मिनिटं ताटकळला, त्याची माफी मी नंतर मागितली.

अशा वेळी "काही होत नाही हो, टेन्शन घेऊ नका" म्हणायचा मोह होतो. पण ते खोटं ठरलं असतं. बदल्यांचा आणि दप्तर दिरंगाईचा २००५ चा कायदा आहे, त्यात सर्वसाधारणपणे कुठलीही फाइल एका कर्मचाऱ्याकडे सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहता कामा नये, असं म्हटलंय. जाणूनबुजून दिरंगाई केली तर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. म्हणजे त्याची भीती निराधार नव्हती. फक्त ती चुकीच्या जागी बसली होती: कागद पुढे पाठवला तर आपण पकडले जाऊ असं त्याला वाटत होतं, आणि खरा धोका कागद न पाठवण्यात होता.

न पाठवायचं कारण काय? आळस नव्हता. सकाळी पावणेदहाच्या ठोक्याला तो हजेरी लावायचा, सव्वासहानंतरही बसायचा. टिप्पणी, म्हणजे साहेबांपुढं प्रकरण मांडणारा मजकूर, लिहायला घ्यायचा, चार ओळी लिहायचा, खोडायचा. खाली आपली सही आणि तारीख टाकायची वेळ आली की हात थांबायचा. नवीन असताना जेवणाच्या सुट्टीत कोणीतरी म्हटलं होतं, "अनुकंपावाल्यांना काय, आयतं ताट!" बोलणारा डबा बंद करून विसरूनही गेला असेल. यानं मात्र ठरवून टाकलं की एक जरी चूक निघाली तरी सगळे म्हणणार, बापाच्या पुण्याईवर आलाय, येत काही नाही.

मी त्याला म्हटलं, तुमचं दप्तर कसं लावतात ते मला शिकवा. (मी बँकवाल्याची मुलगी, मला यातलं शून्य कळतं.) त्याचा चेहरा पहिल्यांदा उजळला. सहा गठ्ठे पद्धत त्यानं मला झकास समजावली: चालू प्रकरणं, उत्तराची वाट पाहणारी, ठरावीक काळानं पाठवायची विवरणपत्रं, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात जायची, आणि मुदत संपली की नष्ट करायची.

"मग खणातले सतरा कुठल्या गठ्ठ्यात?"

तो हसला. "सातव्या."

पुढच्या भेटीत त्यानं यादी आणली. कागद नाही, नावं नाहीत, नुसते आकडे आणि एकेक ओळ. कार्यालयाचा कागद माझ्या खोलीत येता कामा नये हे आधीच ठरवलं होतं. मग आम्ही सातवा गठ्ठा फोडला. सहा कागद नुसते माहितीसाठी आलेले, नस्तीबद्ध करून, म्हणजे फाइलला लावून, मोकळं व्हायचे. पाच ठिकाणी दुसऱ्या कार्यालयाकडून माहिती यायची होती, त्यांना स्मरणपत्र हवं होतं. दोन तर दुसऱ्याच टेबलाचे, चुकून याच्याकडे आलेले. राहिले चार. सतराचं ओझं चारावर आलं तेव्हा त्यानं खुर्चीला पाठ टेकली. इतके दिवस तो काठावर बसायचा.

त्या चारांतला एक मात्र जड होता. त्यांच्याच कार्यालयातून निवृत्त झालेले एक शिपाई, सगळे त्यांना काका म्हणायचे. त्यांच्या अर्जित रजेच्या रोखीकरणाचं प्रकरण. रजा नियमांप्रमाणे जास्तीत जास्त ३०० दिवसांची शिल्लक रजा निवृत्तीला रोख मिळते आणि गरीब घरात ती रक्कम म्हणजे मुलीचं लग्न किंवा छपराची दुरुस्ती. काका दर पंधरा दिवसांनी यायचे, दारात उभे राहायचे आणि विचारायचे, "बाळा, काही झालं का रे?" हा म्हणायचा, "प्रोसेसमध्ये आहे, काका." माझ्यासमोर रडला तो इथं. वडिलांच्या आठवणीनं आला नव्हता तो हुंदका काकांच्या नावानं आला.

अडलं होतं कुठं? काकांच्या सेवापुस्तकात, म्हणजे नोकरीभराच्या नोंदींच्या वहीत, मधल्या एका वर्षाच्या रजेच्या नोंदीवर साक्षांकनाची सही नव्हती. ती नोंद धरायची की सोडायची, याला कळेना. कुणाला विचारलं तर अडाणी ठरू, न विचारता धरली तर चूक आपल्या सहीवर.

मी विचारलं, "टिप्पणी शेवटी जाते कोणाकडे?"

"वरिष्ठ लिपिक, मग कार्यालय अधीक्षक, मग साहेब."

"आणि निर्णय कोणाचा?"

"साहेबांचा."

"मग 'या नोंदीवर सही नाही' हे टिप्पणीत लिहायला काय हरकत आहे?"

तो माझ्याकडे बघत राहिला. हे नियमांतलं ज्ञान नव्हतं, ते माझ्याकडे नाहीच. पण टिप्पणीत वस्तुस्थिती मांडायची असते आणि 'इथं माहिती अपुरी आहे' हीसुद्धा वस्तुस्थितीच. त्याच्या डोक्यात टिप्पणी म्हणजे परीक्षेचा पेपर होता, प्रश्न कळला नाही तर कोरा सोडायचा.

घरी करायला काम दिलं ते एवढंच: शेजारच्या टेबलावरच्या वरिष्ठ ताईंना एक प्रश्न विचारायचा. एकच, आणि सोमवारीच. ताईंनी सेवापुस्तक हातात घेतलं, पान उलटलं आणि म्हणाल्या, "अरे, त्या वर्षीची रजा मंजुरीची फाइल काढ, आदेश सापडला तर प्रत जोड. नाही सापडला तर तसं लिही. बस की!" मग स्वतःची एक जुनी टिप्पणी दाखवली. साहेबांनी अर्धं पान खोडून समासात फक्त "चर्चा करावी" लिहिलेलं. ताईंना त्याचं काही वाटल्याचं दिसलं नाही, हेच त्याला सगळ्यात नवलाचं वाटलं.

मंजुरीचा आदेश सापडला. काकांची फाइल दोन दिवसांत पुढं गेली.

बाकीचे कागद इतके दिवस का पडले, हे साहेबांना आपण होऊन सांगायचं की गुपचूप मार्गी लावायचं, यावर आमची पूर्ण एक भेट गेली. मी कौल दिला नाही, नोकरी त्याची होती. त्यानं सांगितलं. साहेब तापले. लेखी खुलासा मागितला, त्यानं दिला. पुन्हा असं होऊ नये अशी ताकीद मिळाली. त्या रात्री तो सहा तास झोपला. घरी आई मात्र दोन दिवस बोलली नाही, बाबांच्या नावाला बट्टा लागला म्हणून. तिला एकदा घेऊन ये म्हटलं होतं, ती आली नाही.

टोमणा मारणारा अजून त्याच कार्यालयात आहे, अजून टोमणे मारतो. अशा वेळी सुचणारी चोख उत्तरं मी त्याला शिकवली नाहीत, मलाही ती सुचत नाहीत.

गेल्या महिन्यात त्याचा फोन आला होता, बहिणीच्या अॅडमिशनबद्दल काही विचारायला. बोलता बोलता मी विचारलं, खणात काय आहे सध्या?

"छत्री, डबा..." म्हणाला, आणि जरा थांबून, "आणि एक कागद आहे, मॅडम. परवापासून. ठेवतो फोन, जेवणाच्या आधी संपवतो."