मॉड्युलरच्या जमान्यात पोरगा सुतार झाला तर?

सोलापुरातलं साधं घर. वडील यंत्रमागावर, आई घरी विड्या वळते, मजुरी हजार विड्यांमागे. दहावीची परीक्षा झाल्यापासून मुलगा ओळखीच्या मिस्त्रीकडे जातोय आणि आता म्हणतोय, हेच शिकणार. त्याला घेऊन आई माझ्याकडे सल्ल्याला आली. आईचा प्रश्न सरळ होता: "मॅडम, आता सगळं फर्निचर मॉड्युलर झालंय, कारखान्यातून तयार येतंय. सुताराला काम राहणार का? आणि मशीनवर हात-बीट गेला तर?"

पहिली काळजी अर्धी खरी आहे. कपाटांचे खोके कारखान्यात कापले जातात, कडेच्या पट्ट्याही तिथेच लागतात. पण भिंत कारखान्यात जात नाही. पेठेतल्या जुन्या दगडमातीच्या घरात ओळंबा धरला की भिंत वरून खाली इंचभर सहज फिरलेली दिसते. नव्या फ्लॅटचा कोपराही गुण्यात, म्हणजे काटकोनात, असेलच असं नाही. म्हणून रुंदी वर, मधे आणि खाली अशी तीन ठिकाणी घ्यायची, सगळ्यात कमी आकडा धरायचा आणि भिंतीकडे फट झाकणाऱ्या फिलरपट्टीला जागा सोडायची. असं माप घेणारा आणि माल बसवणारा माणूस मॉड्युलरवाल्यांनाही लागतोच. अडचण होते ती दहा वर्षं फक्त सांगितलं तेवढं कापत-ठोकत राहणाऱ्याची.

मुलगा कोणत्या बाजूला जाईल, हे बघायला त्याला एक हिशेब दिला. कपाट ७ फूट उंच, ४ फूट रुंद, २२ इंच खोल. मधे एक उभं पार्टिशन, वरची-खालची सोडून त्याच्या दोन्ही बाजूंना मिळून चार फळ्या, दोन दारं. ८ बाय ४ फुटांचे १८ मिमी प्लाय किती? त्याने क्षेत्रफळ काढलं: साधारण ९५ चौरस फूट, भागिले ३२, म्हणजे तीन. गणित बरोबर, उत्तर चूक. चौकटीच्या कागदावर तुकडे मांडायला लावले, तेव्हा त्यालाच कळलं. पहिल्या प्लायमध्ये दोन बाजू, दुसऱ्यात दोन दारं. तिसऱ्यातून २२ इंचाच्या दोन पट्ट्या निघतात: एकीत वरची आणि खालची फळी, दुसरीत पार्टिशन. पहिल्या दोन प्लायच्या टोकाला उरतो १२ इंचाचा तुकडा, त्यात २२ इंच खोलीची फळी बसत नाही. म्हणजे चौथा प्लाय लागतोच, आणि पाठीला ६ मिमीचा एक वेगळा. कोटेशन तीन प्लायवर दिलं असतं, तर चौथा मिस्त्रीच्या खिशातून गेला असता.

मग तो स्वतःहून म्हणाला, "पातं ३ मिमी खातं ना? मग दारं पूर्ण २ फुटाची कशी होतील?" होत नाहीतच. पण दोन दारांमध्ये फट लागतेच, कापात गेलेलं तिथे जिरतं. हा प्रश्न पडणारा मुलगा या कामात पुढे जाईल, असं आईला स्पष्ट सांगितलं.

पुढचा रस्ता असा ठरला. निकालानंतर आयटीआयच्या ऑनलाइन प्रवेशात सुतारकामाचा एक वर्षाचा ट्रेड पहिल्या पसंतीला टाकायचा. हातातलं काम मिस्त्रीही शिकवेल, पण ड्रॉइंग वाचणं आणि हातात प्रमाणपत्र, हे तिथे मिळतं. सुट्टीच्या दिवशी मिस्त्रीकडे जाणं सोडायचं नाही. पहिले काही महिने पटाशी आणि रंध्याला धार लावणं. त्यानंतर ड्रॉवर: तो ज्यावर सरकतो त्या बॉलबेअरिंग चॅनेलला दोन्ही बाजूंना मिळून २६ मिमी सोडायचे, म्हणजे ४५० मिमीच्या गाळ्यात ड्रॉवर बाहेरून ४२४. दोन-तीन मिमी जास्त झाला की अडकतो, कमी झाला की चॅनेल ताणला जातो. मिस्त्री सूतात बोलतो, इंचाचे आठ सूत; हार्डवेअर मिमीमध्ये येतं. दोन्ही भाषा तोंडपाठ हव्यात. दाराला बाहेरून लॅमिनेट लावून आतली बाजू कोरी ठेवली, तर ती पावसाळ्यात ओल घेते आणि दार वाकतं. गिऱ्हाइकाची तक्रार मग महिन्यांनी येते, म्हणून हेही आधीच शिकावं.

अठरा पूर्ण होऊन त्याने स्वतःचं काम सुरू केलं आणि पीएम विश्वकर्मा योजना तेव्हा चालू असली, तर अर्ज करता येईल. तिच्या १८ व्यवसायांत सुतारकाम आहे: १५,००० रुपयांपर्यंत हत्यारांची मदत, ५ टक्के व्याजाने पहिलं कर्ज १ लाखापर्यंत. एका कुटुंबातून एकालाच लाभ मिळतो, हे आईने मुद्दाम लिहून घेतलं.

राहिला हाताचा प्रश्न. ती भीती खोटी ठरवली नाही. साइटवर हातकटर उलटा करून फळीखाली बसवतात, गार्ड काढून टाकतात, आणि बोटं तिथे जातात. "तसल्या मशीनवर तुला उभं केलं तर नाही म्हणायचं, मिस्त्री चिडला तरी," हे मुलाला आईसमोर सांगितलं. अरुंद तुकडा हाताने नाही, काठीने ढकलायचा. पातं बदलताना आधी प्लग काढायचा. फिरत्या पात्याजवळ हातमोजे घालायचे नाहीत, ते ओढले जातात. भुशासाठी मास्क रोज.

आईने विचारलं, "ती उलटी मशीन तुझ्या मिस्त्रीकडे आहे का?" मुलगा थोडा थांबून म्हणाला, "आहे." पुढच्या आठवड्यात मिस्त्रींनाही सोबत घेऊन यायचं ठरलं.