छप्पन्नाव्या वर्षी पुन्हा केप?

सांगलीहून एस. वाय. बी. कॉम.च्या एका विद्यार्थिनीचं पत्र आलं आहे, पण प्रश्न तिच्या करिअरचा नाही, वडिलांच्या करिअरचा आहे. 1990च्या दशकात त्यांनी एका बालनाट्यात उडणाऱ्या महानायकाची भूमिका केली. उन्हाळी सुट्टीत दिवसाला दोन-दोन प्रयोग व्हायचे. पुढे नाटक बंद पडलं, बाबा बँकेत लागले आणि आता स्वेच्छानिवृत्ती घेऊन घरी आहेत. त्या निर्मात्यांचा मुलगा येत्या मे महिन्यात नाटक पुन्हा आणतोय. नायक ‘ओरिजिनल’च हवा असा त्याचा हट्ट आहे, शिवाय भांडवलातही थोडा वाटा उचला असं तो म्हणतो. बाबांचं म्हणणं, हॉलिवूडच्या ह्यू जॅकमननं आपला जुना महानायक पंचावन्नाव्या वर्षी पुन्हा केलाच ना! धाकटा भाऊ म्हणतो, मग जुना बॅटमन मायकल कीटनचं काय झालं तेही सांगा. आई गप्प आहे.

प्रिय विद्यार्थिनी,

दहावी-बारावीच्या निकालांवरच्या पत्रांच्या गठ्ठ्यात तुझं पत्र वेगळं उठून दिसलं. आधी भांडवलाचं उरकते, कारण त्यावर फार विचार करावा लागत नाही. बाबांनी एक रुपयाही घालू नये. नटाला नाइट, म्हणजे प्रयोगाचं मानधन, मिळते, तो नाइट देत नाही. ‘ओरिजिनल’ हवा असेल, तर निर्मात्यानं त्याची किंमत मोजावी. आग्रहात पैशांची मागणी मिसळली असेल, तर त्याला भूमिकेसाठी माणूस हवाय की भागीदार, हे एकदा स्पष्ट विचारून घ्या.

आता जॅकमन. बाबांचा दाखला चुकीचा नाही, अर्धा आहे. 2000 साली ‘एक्स-मेन’मध्ये तो पहिल्यांदा वुल्व्हरिन हा कॉमिकमधला महानायक झाला आणि 2017च्या ‘लोगन’मध्ये त्यानं ती भूमिका संपवली. संपवली म्हणजे कशी? वुल्व्हरिनची खरी ताकद म्हणजे जखमा आपोआप भरून येणं. ‘लोगन’मध्ये तीच ताकद ओसरत चाललेली दाखवली. नायक लंगडतो, खोकतो, वाचायला चष्मा लावतो. नटाचं वय लपवण्याऐवजी लेखकांनी ते कथेत ओढून घेतलं. त्या पटकथेला ऑस्करचं नामांकन मिळालं, ते उगाच नाही.

2022च्या सप्टेंबरमध्ये त्याच्या परतण्याची घोषणा झाली, तेव्हा हा गृहस्थ ब्रॉडवेवर ‘द म्युझिक मॅन’ या संगीतिकेत गात-नाचत होता. रंगभूमीवरच्या कामासाठी त्याला त्याआधीच टोनी हा ब्रॉडवेचा मानाचा पुरस्कार मिळालेला होता, ‘ले मिझराब्ल’साठी ऑस्करचं नामांकनही. म्हणजे वुल्व्हरिन केला नसता, तरी त्याचं काही अडत नव्हतं. आणि 2024च्या जुलैमध्ये ‘डेडपूल अँड वुल्व्हरिन’ आला, त्यात जुनाच वुल्व्हरिन पुन्हा जिवंत केलेला नव्हता. दुसऱ्या विश्वातला, अपयशी, अपराधी वाटणारा वुल्व्हरिन होता, आणि कॉमिकमधला तो पिवळा पोशाख जॅकमननं इतक्या वर्षांत पहिल्यांदाच अंगावर चढवला. ‘लोगन’च्या शेवटी झालेला वुल्व्हरिनचा मृत्यू तसाच राहिला. चित्रपटानं जगभर 130 कोटी डॉलरहून जास्त कमावले, पण तो आकडा बाबांना सांगू नकोस, त्यांना तेवढाच लक्षात राहील.

भावाचा मुद्दाही ऐकण्यासारखा आहे. कीटन 1989 आणि 1992मध्ये बॅटमन होता. तिसऱ्या चित्रपटाला दिग्दर्शक बदलला, त्याला ते पटलं नाही आणि तो बाजूला झाला. पुढं 2014मध्ये ‘बर्डमॅन’मध्ये त्यानं कोणाची भूमिका केली असेल? कधीकाळी महानायक गाजवलेल्या आणि आता नाटकातून स्वतःला सिद्ध करू पाहणाऱ्या उतारवयाच्या नटाची. त्यासाठी त्याला ऑस्करचं नामांकन मिळालं. (हा चित्रपट बाबांना अवश्य दाखव. पण आई घरी असताना.) मग एकाहत्तराव्या वर्षी, 2023च्या ‘द फ्लॅश’मध्ये, तो खरोखरच बॅटमन म्हणून परतला. तो चित्रपट आपटला, पण कीटनमुळे नाही. त्याचं काम बऱ्याच जणांना आवडलं. त्याचा बॅटमन असलेला ‘बॅटगर्ल’ तर चित्रीकरण झाल्यावर स्टुडिओनं प्रदर्शितच केला नाही. नट कितीही चोख असला, तरी बाकीचा डोलारा त्याच्या हातात नसतो. तुमच्या बाबतीत हा डोलारा म्हणजे बुकिंग, तारखा, दौऱ्याची बस आणि तो निर्मात्याचा मुलगा. त्यानं याआधी किती नाटकं चालवली, ते विचारलंत का?

माझा खरा अडसर वेगळाच आहे. जॅकमनचा प्रेक्षक कोण होता? ज्यानं कॉलेजात असताना त्याला पहिल्यांदा पाहिलं, तो. ‘डेडपूल अँड वुल्व्हरिन’ आपल्याकडे ‘ए’ प्रमाणपत्र घेऊन, म्हणजे फक्त प्रौढांसाठी, आला होता. तिकीट काढणाऱ्याच्या डोक्यात जुना वुल्व्हरिन आधीपासून होता आणि उरलेली जागा त्याच्या आठवणीनं भरून काढली. बालगंधर्वांचंही तेच झालं. ‘धर्मात्मा’सारखे चित्रपट करून ते पुन्हा रंगभूमीवर आले आणि उतारवयातही स्त्रीभूमिका करत राहिले, ते तरुणपणीचे बालगंधर्व ज्यांच्या मनात होते अशा प्रेक्षकांच्या जोरावर. बालनाट्याला ही सवलत नाही. पहिल्या रांगेत सात वर्षांचा मुलगा बसलेला असतो, त्याला तुझ्या बाबांचा 1990च्या दशकातला प्रयोग ठाऊक नसतो. त्याला पोट दिसतं, धाप ऐकू येते आणि तो ती शेजारच्याला मोठ्यानं सांगतो. तिकिटं आईवडील आठवणीपोटी काढतील. निर्माता त्याच हिशेबानं ‘ओरिजिनल’ म्हणतोय, आणि धंद्याच्या दृष्टीनं तो बरोबर आहे. पण अडीच तास नाट्यगृहात शांत बसवून ठेवायचं आहे ते पोरांना.

शिवाय सिनेमात डुप्लिकेट असतो, दुसरा टेक असतो, कॉम्प्युटर असतो. बाबांना लेव्हलवरून, म्हणजे स्टेजवरच्या उंचवट्यावरून, उडी मारायची, अंधारात विंगेत पळायचं, पोशाख बदलून पुन्हा यायचं आणि चार वाजताच्या प्रयोगाला हेच परत करायचं. गुडघे आणि हृदय तपासून घेतल्याशिवाय तालमीला जाऊ देऊ नका. ही अट आईनं घालावी, तुझं ते ऐकणार नाहीत.

पत्रात एक वाक्य तू जाता जाता लिहिलंस, ‘दुसऱ्या कुणाला त्या पोशाखात बघवणार नाही, असं बाबा म्हणाले.’ मला काळजी वाटली ती याची. मुकेश खन्ना यांचा ‘शक्तिमान’ तुझ्या बाबांच्या पिढीनं आपल्या पोरांबरोबर दूरदर्शनवर पाहिला. नव्या शक्तिमानसाठी रणवीर सिंगचं नाव आलं, तेव्हा खन्नांनी जाहीर विरोध केला. 2024च्या नोव्हेंबरमध्ये साठी ओलांडलेली असताना ते स्वतः तोच पोशाख घालून समोर आले. काहींना भरून आलं, काहींनी थट्टा केली. मला त्यांच्या मायेबद्दल शंका नाही. पण भूमिकेवर माया असणं आणि ती दुसऱ्याकडे जाऊ न देणं यात फरक आहे, आणि यातल्या दुसऱ्या कारणासाठी उभा राहिलेला नट स्टेजवर लगेच ओळखू येतो.

म्हणून माझा सल्ला असा. आहे ती संहिता जशीच्या तशी, तीच उडी आणि तोच पोशाख असेल, तर नको म्हणा. पण बाबांनी निर्मात्याला एक प्रश्न विचारावा. माझं वय नाटकात कुठे आहे? म्हाताऱ्या झालेल्या महानायकाला आता उडता येत नाही आणि गल्लीतल्या एका मुलीला तो उडायला शिकवतो, असं काही लिहून घ्यायची तयारी असेल, तर जरूर करावं. मग उड्या दुसरी व्यक्ती मारेल आणि बाबांना बोलायला जास्त मिळेल. वेस्ली स्नाइप्सनं 2024मध्ये, त्याच ‘डेडपूल अँड वुल्व्हरिन’मध्ये, आपला जुना महानायक ब्लेड पुन्हा साकारला तो छोट्याशा भूमिकेत, आणि टाळ्या पडल्याच. पाहुणी भूमिका कमीपणाची नसते, हे त्यांना त्यांच्याच भाषेत पटवून दे.

आणि होकार देण्याआधी जवळच्या शाळेतल्या तिसरीच्या वर्गापुढे दोन प्रवेश करून दाखवायला सांग. पोशाख न घालता. पंधरा मिनिटांत तुम्हा सगळ्यांना उत्तर मिळेल, माझ्या पत्राची वाट पाहावी लागणार नाही.

ता. क. पत्राच्या शेवटी तू सी. ए. फाउंडेशनचा फॉर्म भरायचा राहिला असं लिहिलंस. बाबांच्या तालमीच्या गडबडीत तो राहून जाऊ देऊ नकोस. त्याबद्दल वेगळं पत्र लिही.