लंडन खरंच रोमनांनी वसवलं का? जमिनीखालून काय पुरावा मिळतो?

हो, शहर म्हणून लंडन रोमनांचंच. ट्रॉयहून आलेल्या ब्रूटसने ते वसवलं ही मध्ययुगीन दंतकथा ऐकायला झकास, पण खोदकामात तिला काडीचाही आधार सापडत नाही.

सगळ्यात बोलका पुरावा म्हणजे चक्क एक गटार! शहराच्या मध्यभागी पोल्ट्री नावाच्या रस्त्यावर मुख्य रोमन रस्त्याखाली लाकडी गटार सापडलं. खोडातल्या वर्तुळांवरून त्याचं लाकूड इ.स. ४७च्या सुमारास तोडल्याचं कळलं. म्हणजे रोमन स्वारीनंतर (इ.स. ४३) जेमतेम चार वर्षांनी. त्याच्या वर जळक्या मातीचा लालसर थर आहे, तो रोमनांविरुद्ध उठलेल्या ब्रिटिश राणी बूडिकाच्या बंडातला (इ.स. ६०-६१). ब्लूमबर्ग कंपनीच्या लंडनमधल्या कार्यालयाच्या जागेवर खोदकामात मिळालेल्या, लिहिण्याच्या लाकडी पाट्यांपैकी एकीवर तर ८ जानेवारी ५७ अशी तारीखच आहे. देणं कबूल करणारी चिठ्ठी, दुसरं काय!

आता, टेम्स नदीत रोमनपूर्व वस्तू मिळतात, बॅटरसीची ढाल त्यातलीच. पण नदीत सापडलेल्या वस्तूंवरून शहर सिद्ध होत नाही. त्यासाठी घरं, रस्ते, उकिरडे लागतात, आणि रोमन थराखाली तशी मोठी वस्ती मिळालेली नाही.