राग स्टेटसवर नको, अर्जात घाल

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. एकाच दमात हेडफोन, बंद पडलेल्या बस, मराठी सिनेमाचा सकाळचा एकच खेळ, आईच्या खात्यातून कापले गेलेले पैसे, गेममध्ये गेलेले पैसे, आणि शेवटी "काका, आपल्या बेळगावच्या मराठी लोकांचं कर्नाटकात कुणी ऐकूनच घेत नाही." उद्यमबागेतल्या कारखान्यात सेकंड शिफ्ट करून रात्री एवढं टाइप करत बसलास, म्हणजे राग खराच आहे. डीसी ऑफिससमोर, म्हणजे जिल्हाधिकारी कचेरीसमोर, टाइपिंगचं टेबल टाकून मी आयुष्यभर लोकांचे रागच कागदावर उतरवले, त्यामुळं तुझ्या रागाला नावं ठेवणार नाही. पण तो चुकीच्या पत्त्यावर जातोय. तू स्टेटसला टाकतोस. स्टेटस बघतात तुझे मित्र, आणि हेडफोन काही त्यांनी विकलेले नाहीत.

आधी हेडफोनचंच बघू, कारण ते सुटण्यासारखं आहे. आठव्या दिवशी डाव्या कानाचा आवाज गेला, कंपनी म्हणते रिटर्नची मुदत सातच दिवसांची होती. बरं, रिटर्नची मुदत संपली म्हणून वॉरंटी संपली का? ती तर वर्षाची आहे. चॅटवर जे "आम्ही दिलगीर आहोत" येतं ते यंत्र लिहितं. त्याच्याशी रात्री एक वाजता भांडून उपयोग नाही, फक्त त्या संभाषणाचे स्क्रीनशॉट काढून ठेव. खिडकी बंद केली की ते बरेचदा पुन्हा सापडत नाही.

आता अर्ज. आमच्या टेबलावर लोक आठ-आठ पानं सांगायचे. मनस्ताप, अपमान, घरची परिस्थिती, सगळं असायचं. शेवटी विचारावं लागायचं, "होय बाबा, पण तुम्हाला पाहिजे काय?" त्यावर माणूस गप्प. तू असं लिही:

"अमुक तारखेला, अमुक ऑर्डर क्रमांकाने १,७९९ रुपयांचे हेडफोन घेतले. आठव्या दिवशी डाव्या बाजूचा आवाज बंद झाला. अमुक तारखेला तक्रार केली, ती मुदत संपल्याचे कारण देऊन नाकारली. वस्तूला एक वर्षाची वॉरंटी आहे. वस्तू बदलून द्यावी किंवा पूर्ण रक्कम परत करावी. पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन."

बस्स, एवढंच. "लाज वाटत नाही का" हे वाक्य तुला घालावंसं वाटेल, ते गाळ. त्यानं वाचणाऱ्याला उत्तर टाळायला निमित्त मिळतं.

हे कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला मेल कर. हललं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन लाव. सकाळी आठ ते रात्री आठ चालू असते, म्हणजे शिफ्टला जायच्या आधी तुला सहज जमेल. सतरा भाषांत बोलता येतं, त्यात मराठी आहे. आता हेल्पलाइन काही हुकूम सोडू शकत नाही, ती तुझी तक्रार कंपनीपुढं ठेवते. पण सरकारी नंबर पडलेली तक्रार आली की तेच लोक, जे काल यंत्रामागं लपले होते, स्वतः फोन करतात. तरी नाहीच जमलं तर आयोग आहेच. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला, आणि त्यातली एक सोय आपल्यासारख्यांच्या फार कामाची आहे: विकणारा गुरुग्रामला बसलेला असला तरी तू जिथं राहतोस किंवा काम करतोस तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार देता येते. म्हणजे बेळगावातच. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील लागतोच असंही नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जायचं.

"कुणी ऐकून घेत नाही" याचं उत्तर अर्धं झालं. उरलेलं अर्धं भाषेचं. राज्यघटनेचं कलम ३५० वाच एकदा. गाऱ्हाण्याचा अर्ज कुठल्याही सरकारी अधिकाऱ्याकडे देताना केंद्रात किंवा त्या राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत देण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. टेबलावर मी हे कलम अर्जाच्या खाली टाइप करून द्यायचो, आणि मराठी अर्ज घेणार नाही म्हणणारा कारकून निदान साहेबाला विचारायला तरी आत जायचा. उत्तर मराठीतच येईल असं मात्र त्यात लिहिलेलं नाही. म्हणून सांगतो, कन्नड वाचायला शीक. तुझ्या बरोबरीची पोरं बोलतात फाडफाड, आणि वीजबिलावरच्या दोन ओळी वाचायला शेजाऱ्याला बोलावतात. आपल्या हक्काची नोटीस कुणाकडून तरी वाचून घ्यावी लागते ही लाचारी मला जास्त टोचते. शिकल्यानं मराठीपण काही कमी होत नाही, माझं झालेलं नाही.

आणि हेही ध्यानात घे, की त्या हेडफोनवाल्याला तू मराठी आहेस हे माहीतसुद्धा नाही. धारवाडच्या कन्नड पोरालाही तो अस्साच फिरवतोय. बसस्टँडवर वीस रुपयांच्या पाण्याच्या बाटलीला "थंडचे दोन रुपये ज्यादा" म्हणणारा दोघांकडूनही घेतो. (ते बेकायदा आहे. छापील किमतीपेक्षा स्टॉलवाल्याला एक पैसाही जास्त घेता येत नाही. हॉटेलात टेबलावर बसून मागवलीस तर गोष्ट वेगळी, तिथं जास्त लावायला सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये मुभा दिली.) सीमाप्रश्न आपल्या हाडात आहे हे खरं, पण प्रत्येक लुबाडणुकीला तो चिकटवलास की लुबाडणारा सुटतो.

आईच्या खात्यातून दर महिन्याला कापले जाणारे पैसे म्हणजे सिरियलच्या ॲपचं ऑटोपे, वर्गणी आपोआप कापायची सोय. सुरुवातीला एक रुपयाची ट्रायल म्हणून पिन टाकायला लावतात, आणि त्या एका पिनमध्ये पुढच्या महिन्यांची परवानगी जाते. पंधरा हजारांपर्यंतच्या हप्त्याला पुन्हा पिन विचारत नाहीत. कापण्याआधी चोवीस तास मेसेज यायला हवा, तो येतोही, पण इंग्रजीत आणि शंभर जाहिरातींच्या गर्दीत. तू ॲप काढून टाकलंस म्हणतोस. ॲप काढल्यानं वर्गणी थांबत नाही रे. ज्या यूपीआय ॲपमधून पैसे जातात तिथं ऑटोपेची यादी असते, तिथं जाऊन रद्द कर. रद्दचं बटण लपवून ठेवणं, किंवा "खरंच आम्हाला सोडून जाणार?" म्हणत चार पडदे फिरवणं, याला केंद्र सरकारनं ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत नाव घेऊन मनाई केली आहे. अशा तेरा क्लृप्त्या त्यात दिल्यात. १९१५ ला हेही सांगता येतं.

गेमचं थोडं सावकाश बोलतो. जेवणाच्या सुट्टीत चौघं मिळून मोबाइलवर लढाई खेळता, त्याला माझी काही हरकत नाही. आमच्या वेळी आम्ही पत्ते कुटायचो. गेममधल्या बंदुकीला सोनेरी रंग द्यायला दीडशे रुपये घातलेस तेही मी समजू शकतो, हौस आहे. दुसरी गोष्ट पैसे लावून खेळायची. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदीचा कायदा केला, २२ तारखेला राष्ट्रपतींची सही झाली, आणि मोठमोठ्या ॲपनी पैशाचे खेळ गुंडाळले. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड आहे, जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा आहे, खेळणाऱ्याला नाही. आता तुला टेलिग्रामवर ज्या लिंक येतात, "नवीन ॲप, पाचशे बोनस", त्या याच्यानंतरच्या आहेत. आधीच्या ॲपला निदान ऑफिस तरी होतं, याला काहीच नाही. तुझे आधी गेलेले पैसे गेले असं धर. ते परत मिळवायला खेळू नकोस, आणि मिळवून देतो म्हणणाऱ्याला तर एक रुपया देऊ नकोस. अशा लिंकवरून खात्यातून पैसे गेलेच तर लाज न धरता त्याच घटकेला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन कर आणि बँकेला कळव. सकाळी बघू म्हणणाऱ्यांचे पैसे तोवर चार खाती फिरून आलेले असतात.

बातम्यांचं काय सांगू? मुंबईच्या चॅनेलना आपण आठवतो ते एक नोव्हेंबरच्या काळ्या दिनाला आणि डिसेंबरात इथल्या सुवर्णसौधला कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरलं की. पावसाळ्यात खानापूरच्या जंगलातल्या गावांची वाट तुटते ते आपल्याच पेपरच्या आतल्या पानावर. फेब्रुवारी २०२५ मध्ये बेळगावजवळ भाषेच्या वादात कंडक्टरला झालेल्या मारहाणीवरून पेटलं, तिकडे चित्रदुर्गजवळ महाराष्ट्राच्या बसचालकाला काळं फासलं, आणि दोन्हीकडच्या बस अडल्या. तेव्हा स्टुडिओत आरडाओरडा करणाऱ्या एकालाही चंदगडहून बाजाराला येणारा माणूस परत कसा गेला हे विचारावंसं वाटलं नाही. अशा दिवशी बस सुटणार का हे स्टँडवर विचार, ग्रुपवर नको. आणि घटना एका मराठी पेपरात व एका कन्नड पेपरात वाच. दोन्हीत जे सारखं असेल तेवढंच झालंय असं धरून चाल. सीमाप्रश्नाचा खटला २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, रात्री बाराच्या ब्रेकिंगनं तो निकाली निघत नाही. तुझी झोप तेवढी जाते.

सिनेमाचं माझ्याकडे औषध नाही. पहिल्या तीन दिवसांत खुर्च्या भरल्या तर संध्याकाळचा खेळ मिळतो, थिएटरवाल्याचं गणित तेवढंच. मग मित्रांना घेऊन शुक्रवारीच जा, फोनवर चोरून उतरवलेला बघून नंतर हळहळू नका.

रविवारी दहाच्या पुढं घरी ये. ऑर्डरचा मेल आणि वॉरंटी कार्डाचा फोटो काढून ठेव. अर्जाचा मसुदा तूच लिही, मी फक्त काटछाट करीन. आणि आईचा फोन आण. तिच्या खात्यातून दोनदा कापले जातात म्हणालास, दुसरं ऑटोपे कुठलं ते अजून कळलेलं नाही.

तुझा,
काका