दुर्बीण अवकाशात नेली की प्रश्न सुटत नाही का?

तुम्ही विचारलंय की अवकाशातला कचरा आणि शहरांचा उजेड यांनी निरीक्षणात नेमकं काय बिघडतं, आणि दुर्बिणी सरळ वर का नेत नाहीत. मी पुण्यातला हौशी आकाशनिरीक्षक, त्यामुळे उजेडाचा त्रास रोजचाच. पण त्यापासून निदान पळता तरी येतं. जुन्या पिवळ्या सोडियम दिव्यांचा उजेड ठरावीक रंगपट्ट्यांत असायचा, फिल्टर लावून बराचसा गाळता यायचा. पांढऱ्या एलईडीचा उजेड सगळ्या रंगांत पसरलेला, वर त्यातला निळा भाग हवेत जास्त विखुरतो. अंधुक दीर्घिका त्यात बुडून जातात.

उपग्रह आणि कचऱ्यापासून मात्र पळायला जागा नाही. सूर्य मावळल्यावर आपल्याकडे अंधार पडतो, पण साडेपाचशे किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहांवर आणखी काही वेळ ऊन असतंच, म्हणून ते चमकतात. फोटोतली एखादी रेघ मी अनेक फोटो एकत्र करून पुसून टाकतो. क्षणभर चमकून विझणाऱ्या घटना शोधणाऱ्यांना ती सोय नाही, कारण त्यांना हवी ती चमकही एखाद्याच फोटोत असते. २०१७ मध्ये हवाईतली केक दुर्बीण जीएन-झेड११ या अतिदूरच्या दीर्घिकेवर रोखलेली असताना एक चमक नोंदली गेली. २०२० मध्ये ती गॅमा किरण स्फोटाची, म्हणजे फार दूरवरच्या एका प्रचंड ऊर्जेच्या स्फोटाची असावी असं प्रसिद्ध झालं. पुढच्याच वर्षी दुसऱ्या गटाने दाखवलं, की प्रोटॉन या रशियन रॉकेटचा वापरून झालेला वरचा भाग (ब्रीझ-एम टप्पा) नेमका तेव्हा तिथून जात होता! सूर्याच्या बाजूचे लघुग्रह तर संध्याकाळी किंवा पहाटेच शोधावे लागतात, आणि उपग्रहांची गर्दीही तेव्हाच जास्त दिसते.

आता वर नेण्याबद्दल. हबल ही दुर्बीण वर अवकाशातच आहे, तरी तिच्याहून उंच असलेले उपग्रह तिच्या फोटोंत येतात. २००२ ते २०२१ मधल्या सुमारे २.७ टक्के फोटोंत अशा रेघा सापडल्या. जेम्स वेब ही अवकाश दुर्बीण पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटर दूर, म्हणून सुटली, पण तिथे दुरुस्तीला कोण जाणार? आणि चिलीत ३९ मीटर आरशाची दुर्बीण बांधताहेत, ती कुठल्या रॉकेटात मावेल?

स्वतः बघायचं असेल तर नागपूरजवळच्या पेंचला जा. २०२४ मध्ये तिथे भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा अंधार जपलेलं क्षेत्र, जाहीर झालं. अमावस्येच्या आसपासची रात्र निवडा आणि फोटो मध्यरात्रीकडे काढा, तेव्हा डोक्यावरचे बरेच उपग्रह पृथ्वीच्या सावलीत गेलेले असतात.