परक्या भूमीवरील हवाईतळ कोणाच्या भरवशावर उभा असतो?

प्रश्न : आम्ही दाबोळी विमानतळाजवळ राहतो. नौदलाच्या तळावर प्रवासी विमाने उतरताना रोजच पाहतो. सीरियातील हमैमिम येथेही रशियाचा लष्करी तळ नागरी विमानतळाला लागूनच असल्याचे वाचले. असा तळ परदेशी सैन्याला कोणत्या अटींवर मिळतो आणि तिथली राजवट कोसळल्यावरही तो टिकला कसा? – एक वाचक, चिखली (मुरगाव)

उत्तर : धावपट्टी लष्कर आणि प्रवासी दोघांच्याही उपयोगाची, एवढ्यापुरतेच दोन्ही ठिकाणांत साम्य आहे. दाबोळीला तळ आपल्याच नौदलाचा आहे, त्यामुळे तिथे प्रश्न उरतो तो फक्त उड्डाणांच्या वेळापत्रकाचा. हमैमिम येथे मात्र जमीन एका देशाची आणि बंदूक दुसऱ्याची आहे.

सीरियाच्या किनाऱ्यावरील लताकिया शहराजवळच्या या तळासाठी रशिया आणि सीरिया यांच्यात २६ ऑगस्ट २०१५ रोजी करार झाला आणि ३० सप्टेंबरला रशियन विमानांनी हल्ले सुरू केले. कराराचा मजकूर पुढे प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यातील एकतर्फीपणा पाहून अनेकांच्या भुवया उंचावल्या. तळाच्या वापरासाठी रशियाने काहीही भाडे द्यायचे नव्हते, रशियन सैनिकांवर सीरियाच्या न्यायालयांचा अधिकार चालणार नव्हता आणि त्यांच्या शस्त्रसामग्रीवर ना जकात होती ना तपासणी. २०१७ मध्ये याला ४९ वर्षांची मुदत आणि पुढे २५ वर्षांच्या वाढीची सोय जोडण्यात आली. असा करार तेच सरकार करते, ज्याला सही न केल्यास खुर्ची जाण्याची भीती असते.

अटी कितीही सोयीच्या असल्या तरी युद्धक्षेत्रातला तळ सुरक्षित असतोच असे नाही. नोव्हेंबर २०१५ मध्ये तुर्कस्तानने रशियाचे सुखोई-२४ विमान पाडले, त्यानंतर हमैमिम येथे एस-४०० ही लांब पल्ल्याची विमानवेधी क्षेपणास्त्रे आणण्यात आली. खरा धक्का मात्र त्याहून कितीतरी स्वस्त साधनांनी दिला. जानेवारी २०१८ मध्ये हमैमिम आणि तार्तूस बंदरातील रशियाचा नाविक तळ यांच्यावर एका रात्रीत १३ ड्रोन चालून आले. हाती लागलेले ड्रोन पाहता लाकडी सांगाडा, चिकटपट्टीने जोडलेले भाग, लहानसे पेट्रोल इंजिन आणि पंखांखाली टांगलेले घरगुती बाँब असा सगळा जुगाड होता. सात ड्रोन पाडले आणि सहांचा ताबा इलेक्ट्रॉनिक उपायांनी घेतला, असे रशियाने सांगितले. पण कोट्यवधींची विमाने उघड्यावर रांगेने उभी करणे किती धोक्याचे आहे हे कळून चुकल्यावर त्यांच्यासाठी आडोशाची बांधकामे करावी लागली.

मित्रांच्या चुकाही महाग पडतात. १७ सप्टेंबर २०१८ रोजी हमैमिमकडे परतणारे रशियाचे इल्युशिन-२० हे टेहळणी विमान सीरियाच्याच क्षेपणास्त्राने पडले आणि त्यातील १५ जण ठार झाले. नेम धरला होता हल्ला करून जाणाऱ्या इस्रायली विमानांवर.

आता आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग. ८ डिसेंबर २०२४ रोजी सीरियाचे अध्यक्ष बशर अल-असद यांची राजवट कोसळली, आणि नंतर त्यांच्या नावे प्रसिद्ध झालेल्या निवेदनानुसार ते याच तळावरून रशियाला गेले. ज्याच्या राजवटीवर ४९ वर्षांचा करार उभा होता तोच नाहीसा झाला, तरी नव्या सत्ताधाऱ्यांनी रशियनांना हाकलले नाही. याचे कारण मला कराराच्या कलमांत दिसत नाही, नव्या सरकारच्या गरजांत दिसते. सीरियाच्या नोटा रशियात छापून येत होत्या, खनिज तेल तिथून येत होते आणि सुरक्षा परिषदेत रशियाच्या हाती नकाराधिकार आहे. शिवाय एकाच मोठ्या देशावर सर्वस्वी विसंबून राहणे नव्या सरकारलाही परवडणारे नाही. रशियालाही हा तळ आफ्रिकेकडे जाणाऱ्या विमानांच्या थांब्यासाठी हवा आहे. मार्च २०२५ मध्ये किनारपट्टीवर असद ज्यातले होते त्या अलवी समाजाच्या कत्तली झाल्या, तेव्हा हजारो माणसे जीव वाचवण्यासाठी याच तळाच्या आवारात शिरली. ज्या तळावरून उडालेल्या विमानांनी इतर सीरियन वस्त्या उद्ध्वस्त केल्या होत्या, तोच या लोकांचा आसरा ठरला.

रसद तुटली की धावपट्टीचे काय होते, हे पाहायला गोमंतकीयांना सीरियापर्यंत जाण्याची गरज नाही. दाबोळीची धावपट्टी पोर्तुगिजांनी बांधली, पण १९६१ मध्ये तिथे त्यांचे एकही लढाऊ विमान नव्हते. १८ डिसेंबरला पुण्याहून आलेल्या भारतीय हवाई दलाच्या कॅनबेरा विमानांनी धावपट्टीवर बाँब टाकले आणि इमारतींना हात लावला नाही. त्या रात्री उरलेल्या तुकड्यावरून दोन प्रवासी विमाने कशीबशी कराचीकडे निसटली. लिस्बनच्या लेखी गोवा परका प्रदेश नव्हता, तो पोर्तुगालचाच भाग होता. त्या दाव्याने मदत मात्र आली नाही.

प्रश्न : भारतात परदेशी सैन्याचा असा तळ आहे काय? अमेरिकेशी झालेल्या करारामुळे तशी शंका येते. – एक वाचक, फोंडा

उत्तर : नाही. ऑगस्ट २०१६ मध्ये अमेरिकेशी झालेला करार रसदीपुरता आहे. एकमेकांची जहाजे आणि विमाने आली तर इंधन, अन्न, दुरुस्ती या सोयी मोबदला घेऊन पुरवायच्या. तळ उभारण्याचा किंवा कायम सैन्य ठेवण्याचा अधिकार त्यातून कोणालाही मिळत नाही.